वृक्षनेचा आणि वऱ्हाडची बाग

गेल्या दिवाळीच्या सुटीत काही विद्यार्थ्यांसमवेत पचमढीस जाण्याचा योग आला. परतवाड्याहून बैतूलच्या वाटेने सातपुड्यात शिरल्यावर दोन्ही बाजूंस सागाचे अरण्य लागते, ते आपणां वऱ्हाडवासीयांच्या ओळखीचेच असते. परंतु पचमढीस पोहोचल्यावर एका दुपारी आम्ही एका अरुंद दरीत उतरलो, तेव्हा निराळ्याच देशात आल्याचा भास झाला. वर पठारावर ऊन चांगले तापले होते. पण पुष्कळ पायऱ्या उतरताच अंगास गारवा जाणवू लागला, खडकांतून ठिबकणाऱ्या पाण्याचा नाद कानी येऊ लागला, आणि एका वळणावर आमच्यातील सर्वांत पुढे असलेला मुलगा एकदम थबकला. समोर ओढ्याच्या काठी एक अपरिचित झाड उभे होते. खोड माडासारखे सरळ व काळसर. त्यास फांदी म्हणून एकही नाही. आणि शेंड्यावर बारीक कातरलेली लांबच लांब पाने छत्रीप्रमाणे चोहोकडे पसरलेली. "सर, हा माड की नेचा?" त्याने विचारले. हा वृक्षनेचा आहे असे कळताच दुसऱ्या एकाने खिशातून चाकू काढला आणि ओढ्याकाठचे एक वीतभर उंचीचे रोप दाखवून तो म्हणाला, "सर, हे एवढेसे रोप आपल्या शाळेच्या बागेत नेऊन लावू या का?"

मी त्यास 'नाही' म्हटले, आणि तो हिरमुसला. त्याच्या मनात लोभ नव्हता. सुंदर वस्तू आपल्या सोबत्यांनाही पाहावयास मिळावी, एवढीच त्याची इच्छा होती. अशा मुलास नुसता नकार देणे पुरेसे नाही. नकाराचे कारण त्यास समजले पाहिजे. म्हणून त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर येथे देण्याचे योजिले आहे. घरी बाग करण्याची हौस असलेल्या पालकांसही त्याचा काही उपयोग होईल अशी आशा आहे.

प्रथम नेचा म्हणजे काय ते पाहू. आंबा, कापूस, ज्वारी या वनस्पतींस फूल येते, फुलानंतर फळ व बी येते, आणि बी पेरले असता नवे झाड उगवते. नेच्यास फूल नाही, फळ नाही आणि बीही नाही. त्याचे कोवळे पान घड्याळातील कमानीप्रमाणे गुंडाळलेले असते व हळूहळू उलगडत जाते. ही नेच्याची सर्वांत सोपी खूण होय. बहुतेक नेचे हातभर उंचीचेच असतात, कारण त्यांचे खोड जमिनीलगत किंवा जमिनीखाली दडलेले असते. थोड्या जातींत मात्र हे खोड वर वाढत जाऊन झाडासारखे उभे राहते. त्यांस वृक्षनेचे म्हणतात. आपल्या देशात सायाथिया या वंशाचे वृक्षनेचे केरळ, कर्नाटक व निलगिरी येथील डोंगरांत, तसेच दार्जिलिंग, सिक्कीम व आसामकडील दमट अरण्यांत वाढतात. मध्य भारतात त्यांचे प्रसिद्ध स्थान म्हणजे पचमढी. तेथे सायाथिया जायगँटिया आणि सायाथिया स्पायन्युलोसा अशा दोन जाती आढळतात. दुसरीच्या देठांवर काटे असतात, त्यावरून तिचे नाव पडले आहे.

परदेशात याहूनही मोठे वृक्षनेचे आहेत. न्यूझीलंडमधील काळा वृक्षनेचा वीस मीटरपर्यंत उंच होतो. त्याच देशातील दुसऱ्या एका वृक्षनेच्याचे पान खालच्या बाजूने रुपेरी असते. न्यूझीलंडच्या क्रिकेट खेळाडूंच्या पोशाखावर जे पानाचे चिन्ह दिसते ते याच रुपेरी नेच्याचे होय. सामना पाहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनी ते अनेकदा पाहिले असेल. परंतु ते एका झाडाचे पान आहे हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

या झाडाचे खोड नीट न्याहाळण्याजोगे असते. कडुनिंबाचे खोड दरवर्षी जाड होत जाते, व ते आडवे कापले असता आत लाकडाची वलये दिसतात. वृक्षनेच्याचे खोड असे जाड होत नाही आणि त्यात तसले लाकूडही नसते. गळून गेलेल्या पानांच्या देठांचे वण त्यावर उरतात, आणि खोडातूनच निघालेल्या असंख्य काळ्या मुळ्यांचे जाळे खालच्या भागाभोवती विणले जाते. खालच्या भागाचा जाडपणा पुष्कळसा या मुळ्यांचा असतो, आणि या मुळ्याच झाडास पाणी पुरवितात व आधारही देतात. वाढ फार मंद असते. काही जातींची उंची वर्षाकाठी चार बोटेही वाढत नाही. म्हणून पुरुषभर उंचीचा वृक्षनेचा पाहिला तर तो आपल्या वडिलांच्या वयाचा असू शकतो, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बहुतेक वृक्षनेच्यांस वाढीचा अंकुर एकच असतो आणि तो शेंड्याशी, कोवळ्या गुंडाळलेल्या पानांच्या मध्यभागी असतो. पेरूची फांदी छाटली तर खाली चार धुमारे फुटतात. वृक्षनेच्याचा शेंडा तोडला तर त्याच्या जागी दुसरा फुटत नाही. ते झाड मरते. गेल्या काळात आमरीची रोपे वाढविण्यासाठी, त्यांच्या खाली मुळ्यांनी विणलेल्या या खोडाचे तुकडे वापरण्याची चाल अनेक देशांत पडली, आणि त्यापायी कित्येक जुनी झाडे नाहीशी झाली. या कारणास्तव सायाथिया वंशाची नोंद वन्य जीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात झालेली आहे. हा करार १९७५ साली अमलात आला.

आता नेच्याच्या संततीविषयी. बी नसताना नवा नेचा उपजतो कसा, हे कोडे विद्वानांसही दीर्घकाळ उलगडले नव्हते. युरोपातील खेडुतांची तर अशी समजूत होती की नेच्याचे बी अदृश्य असते व ते ज्यास सापडेल तोही अदृश्य होतो! खरी गोष्ट अशी की, नेच्याच्या पानाच्या पाठीवर तपकिरी ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्यात अनेक सूक्ष्म पिशव्या व प्रत्येक पिशवीत बहुधा चौसष्ट बीजुके असतात. पिशवीभोवती जाड पेशींचे एक कडे असते. हवा कोरडी झाली की ते कडे सुकून मागे ताणले जाते, पिशवी फाटते, आणि एकाएकी कडे पूर्वस्थितीवर येऊन गोफणीतील दगडाप्रमाणे बीजुके दूर भिरकावली जातात.

ओल्या जागी पडलेल्या बीजुकापासून मात्र लगेच नेचा उगवत नाही. प्रथम नखाएवढा किंवा त्याहूनही लहान, बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्याच्या खालच्या अंगास नरपेशी व मादीपेशी निर्माण होतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत जाऊन मादीपेशीस मिळते, आणि त्या संयोगातून खरा नेचा जन्मास येतो. दोन पिढ्यांची ही आळीपाळी जर्मनीतील विल्हेल्म होफमाइस्टर या शास्त्रज्ञाने १८५१ साली आपल्या ग्रंथात स्पष्ट केली. यांतील एक शब्द वाचकांनी ध्यानी धरावा: 'पोहत'. ज्या जागी दगडावर वा मातीवर पाण्याचा थर काही काळ टिकत नाही, त्या जागी नेच्याचा वंश पुढे चालत नाही. मोठे झाड कसेबसे तग धरील, पण त्याची संतती होणार नाही.

येथे नेच्याच्या वसतिस्थानाचे मर्म सापडते. पचमढीचा डोंगर वालुकाश्माचा आहे. हा दगड सच्छिद्र असल्यामुळे पावसाचे पाणी त्यात मुरते आणि पुढे कित्येक महिने दरीच्या भिंतींतून पाझरत राहते. दऱ्या अरुंद व खोल असल्याने तळाशी सूर्याचे किरण थोडाच वेळ पोहोचतात व उष्ण वारा शिरत नाही. म्हणून वर पठारावर उन्हाळा असला तरी खाली हवा दमट राहते. वृक्षनेच्यास हवी असते ती हीच बारमाही दमट हवा.

आपल्या वऱ्हाडची स्थिती काय आहे? १९०३ पासून १९५६ पर्यंत वऱ्हाड व पचमढी ही एकाच प्रांतिक कारभाराखाली होती. परंतु निसर्गाने त्यांस एका मापाने मोजलेले नाही. अमरावती व अकोला येथे वर्षाचा पाऊस साधारण ८० सेंटिमीटरांच्या आसपास पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडून जातो. वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि हवेतील ओलावा जवळजवळ नाहीसा होतो. चिखलदरा सुमारे अकराशे मीटर उंचीवर असल्याने तेथे पाऊस अधिक व उष्मा कमी. तेथे कॉफीही पिकते, आणि पावसाळ्यात तेथील दऱ्यांत लहान नेच्यांची हिरवळ दाटते. परंतु मेळघाटचा डोंगर काळ्या कठीण खडकाचा आहे आणि अरण्य मुख्यत्वे सागाचे, म्हणजे पानगळीचे. ज्या महिन्यांत सावलीची गरज सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत साग आपली पाने टाकून उघडा होतो.

हे सारे मला पुस्तकांतून कळण्याच्या आधी एका चुकीतून कळले, ती चूक येथे सांगतो. काही वर्षांपूर्वी दक्षिणेतील एका थंड हवेच्या ठिकाणच्या रोपवाटिकेतून मी वृक्षनेच्याचे एक रोप विकत आणले व घराच्या अंगणात काळ्या जमिनीत लावले. पावसाळ्यात त्यास तीन नवी पाने फुटली; शेजारीपाजारी पाहावयास आले, आणि मलाही थोडा गर्व झाला. फाल्गुनात पानांची टोके करपू लागली. मी सकाळ-संध्याकाळ विहिरीचे पाणी भरपूर घालीत गेलो. तरी चैत्रात पाने एकामागून एक वाळली आणि अक्षय्य तृतीयेस शेंड्यातील शेवटची गुंडाळी काळी पडली. बुंध्याशी चिखल होता आणि झाड मात्र तहानेने मेले होते.

माझ्या हातून तीन चुका झाल्या होत्या. पहिली हवेविषयीची. नेच्याचे पान मोठे पण नाजूक असते. कोरडा वारा त्यातील पाणी इतक्या वेगाने शोषतो की मुळ्यांस तितका पुरवठा करता येत नाही. दुसरी पाण्याविषयीची. पूर्णेच्या दोन्ही तीरांस अकोला, अमरावती व बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलेला आहे हे सर्वांस ठाऊक आहे. त्या पट्ट्याबाहेरही पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. रोज असे पाणी घातल्याने क्षार मुळ्यांशी साचत जातात. तिसरी जमिनीविषयीची. आपली काळी जमीन कपाशीस उत्तम. पण ती ओली असता चिकट होऊन मुळ्यांचा श्वास कोंडते व वाळली की भेगाळून त्या तोडते. शिवाय तीत चुनखडीचा अंश असतो, तो या झाडास मानवत नाही.

यावरून ज्यांस वृक्षनेचा लावावयाचाच असेल त्यांनी काय करावे हे सहज सुचेल. रोप नेहमी खात्रीच्या रोपवाटिकेतून, बीजुकांपासून वाढविलेले घ्यावे. ते जमिनीत न लावता मातीच्या मोठ्या कुंडीत लावावे, म्हणजे उन्हाळ्यात जागा बदलता येते. कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे घालून वर कुजलेला पालापाचोळा, जाडसर रेती, नारळाचा काथ्या व थोडा कोळशाचा चुरा यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे. पावसाचे पाणी पन्हळीखाली पिंपात साठवून तेच शक्य तितके वापरावे. पाणी केवळ मातीत न घालता खोडावरही शिंपडावे, कारण मुळ्या खोडावरही असतात. वाळलेल्या पानांचे देठ मुळापासून ओढून खोडास इजा करू नये. कुंडी घराच्या उत्तरेकडील पडवीत, जेथे उजेड आहे पण ऊन नाही, अशा जागी ठेवावी.

होळीपासून मृगाच्या पावसापर्यंतचा काळ खरा कसोटीचा. त्या काळात कुंडीभोवती तट्ट्यांचा किंवा गोणपाटाचा आडोसा करून तो दिवसातून अनेक वेळा भिजवावा. आपल्या घरी उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्या ज्या तत्त्वावर खोली थंड करतात तेच येथे उपयोगी पडते. पाण्याची वाफ होताना ते हवेतील उष्णता घेते आणि हवा थंड व दमट होते. हवा जितकी कोरडी तितका हा परिणाम अधिक. मात्र एवढे सर्व करण्यास घरात रोज कोणीतरी हजर असले पाहिजे. उन्हाळ्याच्या सुटीत कुलूप लावून आजोळी जाणाऱ्या कुटुंबाने वृक्षनेच्याच्या नादी लागू नये, हा माझा स्पष्ट सल्ला आहे. पिण्याच्या पाण्याची टंचाई असेल त्या वर्षी तर हा शौक मुळीच शोभणार नाही.

मग सामान्य घरातील मुलांनी नेच्यांचे कौतुक दुरूनच करावे काय? तसे मुळीच नाही. वऱ्हाडातही नेचे आहेत. ते कोठे राहतात हे मात्र ठाऊक पाहिजे. एखाद्या जुन्या दगडी विहिरीत डोकावून पाहा. पाण्याच्या वर, सांध्यांमध्ये, काळ्या चकचकीत देठांचा व इवल्याशा हिरव्या पानांचा जो झुपका लोंबत असतो, तो हंसराज होय, हाही नेचाच. वर अंगणात धूळ उडत असली तरी विहिरीच्या आत सावली असते, दगड ओले असतात व हवा हलत नाही. पचमढीच्या दरीत जे आहे तेच येथे लहान प्रमाणावर आहे, म्हणून नेचा न बोलावता आला. जुन्या भिंतींच्या व कड्यांच्या फटींत याहून निराळा एक चिमुकला नेचा आढळतो. त्याची पाने मोराच्या तुऱ्याप्रमाणे पंखाकार असतात, म्हणून त्यास मयूरशिखा हे नाव मिळाले. तो उन्हाळ्यात सुकून आक्रसतो आणि पाऊस पडताच पुन्हा उलगडतो. कोरड्या मुलखात कसे राहावे हे तो शिकलेला आहे. वृक्षनेचा ते शिकलेला नाही. या लहान नेच्यांकडे थोरांनीही दुर्लक्ष केलेले नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर एथेलबर्ट ब्लाटर यांनी डि'आल्मेडा यांच्यासमवेत मुंबई इलाख्यातील नेच्यांवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला, तो १९२२ साली प्रसिद्ध झाला.

या हंसराजावरून मुलांस करता येण्याजोगा एक प्रयोग सांगतो. त्याचे मूळ लंडनमधील एका डॉक्टराच्या घरी आहे. नॅथॅनिएल वॉर्ड यांस बागेत नेचे लावण्याची हौस होती. पण शहरातील कोळशाच्या धुरामुळे ते जगत नसत. १८२९ च्या सुमारास त्यांनी एका पतंगाचा कोश ओल्या मातीत ठेवून बाटलीचे तोंड बंद केले. काही दिवसांनी पाहतात तो बाटलीत आपोआप एक नेचा उगवलेला! दिवसा मातीतील पाणी वाफ होऊन काचेवर जमे व पुन्हा मातीत उतरे. यावरून त्यांनी काचेच्या बंद पेट्या तयार करविल्या. १८३३ साली अशा पेट्यांतून रोपे समुद्रमार्गे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचली, आणि पुढे चीनमधील चहाची रोपे हिंदुस्थानात आणण्यासही याच पेट्या कामी आल्या.

आपणही रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी. तीत चाळलेला पालापाचोळा व विटेचा चुरा दोन बोटे भरून वरून उकळते पाणी ओतावे, म्हणजे बुरशी मरेल. मग ती झाकून थंड होऊ द्यावी. विहिरीतील हंसराजाचे, पाठीमागील कडेस तपकिरी झालेले एकच पान वडील माणसांकडून काढून घ्यावे; स्वतः विहिरीच्या काठावरून वाकू नये. ते पान कागदाच्या घडीत दोन दिवस ठेवले की बारीक भुकटी पडते. ही भुकटी बरणीत अगदी विरळ भुरभुरावी, झाकण लावावे आणि बरणी उजेडात पण उन्हाबाहेर ठेवावी. काही आठवड्यांत हिरवी साय धरते, पुढे बदामाच्या आकाराचे पापुद्रे दिसू लागतात. तेव्हा उकळून निववलेले पाणी हळूच शिंपडावे, कारण नरपेशीस पोहावयाचे आहे. त्यानंतर एके दिवशी पापुद्र्यातून पहिले चिमुकले पान डोके वर काढील. घाई करू नये. यास महिने लागतात.

पचमढीच्या दरीत ज्याने चाकू काढला होता, त्या विद्यार्थ्यास परत आल्यावर मी या सर्व गोष्टी सांगितल्या. ते रोप उपटले असते तर आपण दोन झाडे गमावली असती: दरीतील एक आणि बागेतील एक, कारण ते येथे वैशाख पाहून जगले नसते. शिवाय ती दरी एकट्या आपली नाही. सातपुडा राष्ट्रीय उद्यान १९८१ साली स्थापन झाले, पचमढीच्या परिसरास १९९९ साली जीवावरण राखीव क्षेत्र म्हणून घोषित करण्यात आले, आणि तेथील वनस्पती उपटणे हा कायद्याने अपराध आहे. येणाऱ्या प्रत्येक सहलीने एकेक रोप नेले तर थोड्याच वर्षांत तेथे पायऱ्या व पाणी तेवढे उरेल.

त्याने सर्व ऐकून घेतले, काही बोलला नाही. दोन आठवड्यांनी त्याने आपल्या आजोबांच्या शेतातील विहिरीतून हंसराजाचे एक पान कागदात गुंडाळून आणले. हा लेख लिहीत असता विज्ञानाच्या खोलीतील उत्तरेकडच्या खिडकीत ती बरणी ठेवलेली आहे व आत हिरवी साय धरली आहे. पालकांनी स्नेहसंमेलनास यावे तेव्हा ती अवश्य पाहावी. आणि आपल्या घरची जुनी विहीर बुजविण्याचा विचार मनात असेल, तर तत्पूर्वी एकदा आत डोकावून तेथे कोण राहते आहे ते मुलांना दाखवावे.